लहूदादाचा गालफुग्या

गिरण्यांच्या संपात आमच्या करी रोडच्या चाळीतला सगळ्यांत पक्का गडी कोण, तर लहूदादा. मी युनियनच्या सभेत त्याचं उदाहरण द्यायचो. उभा जन्म साचेखात्यात गेलेला माणूस. तिथे शेकडो माग एकदम धडधडतात, शेजारच्याची हाक ऐकू येत नाही, म्हणून ही माणसं ओठांवरून बोलणं वाचतात. लहूदादा घरातही समोरच्याच्या तोंडाकडे बघूनच बोलायचा.

त्याला एक वेड होतं. रे रोडला जहाजांच्या भंगारात परदेशी तबकड्या यायच्या, त्या तो उचलून आणायचा. इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, तेव्हा कव्हरावरचे फोटो बघून वादकांना नावं त्यानेच ठेवली. डाव्या हाताने गिटार बडवणारा तो डावऱ्या. कण्हत कण्हत गाणारा म्हातारा तो रडका मामा. आणि बेडकासारखे गाल फुगवून ट्रम्पेट वाजवणारा काळा माणूस, तो गालफुग्या. त्याच्यावर याचा जीव.

"रडक्या मामाचा दुख्ख सरळ असता," तो सांगायचा. "ह्यो भांडता, आणि मधीच हसता. पुढे काय करतलो, ताच कळना नाय."

माझं डोकं फिरायचं. "दादा, आपल्याकडे डफ आहे, पोवाडे आहेत. तू साहेबाची गाणी कसली ऐकतोस?"

पुढे युनियनच्या वाचनालयात एका पुस्तकात सापडलं, की या काळ्या वादकांचे आजे-पणजे गुलाम होते, साहेबाच्या मळ्यात कापूस वेचायचे. मी तोंड पाडून ते दादाला सांगितलं.

"मगे?" तो म्हणाला. "भाऊबंदच झाले."

संप लांबला. घरातली भांडी गेली, पंखे गेले. दादाची कौसल्यावहिनी पोरांना घेऊन कणकवलीला गेली. लोक दबक्या आवाजात कामावर जायची भाषा करायला लागले. लहूदादा मात्र हलेना. ग्रामोफोन विकेना. एकदा मी त्याची पाठ थोपटली तेव्हा तो खरं बोलला.

"आधी गालफुग्याचे वरचे सूर गेले, रघू. मगे तो सगळोच गेलो. डावरो अर्धो उरलो. आता माग बंद आसत, तर कान परत येतीत. तू संप चालू ठेव."

"म्हणजे तुला बोनस नको, पगारवाढ नको?"

"होया रे. पण आधी तो येवंदे."

रोज तो तीच तबकडी लावायचा आणि ग्रामोफोनच्या खोक्यावर तळवा ठेवून वाट बघत बसायचा.

वर्ष उलटलं. पुढारी गप्प झाले, काही खाती सुरू झाली. एका दुपारी दादाने मला बोलावलं. वहिनीचा निरोप आला होता, पोरांच्या अंगावर धड कपडा नाही. त्याने तबकडी लावली आणि माझ्या तोंडाकडे बघत बसला.

"इलो काय?"

ट्रम्पेट खोलीभर झालं होतं, गॅलरीत गेलं होतं. पलीकडची पुतळाबाई वैतागून खिडकी लावून घेत होती.

"आला," मी म्हणालो.

"कसो वाजवता?"

गेटवर तासभर भाषण ठोकणारा मी. इथे सुईजवळ कान नेऊन ऐकत राहिलो. शेवटी म्हणालो, "कुणीतरी गेटबाहेर उभा आहे बघ. आत घेत नाहीत, आणि तो हलतही नाही."

त्याने मान डोलावली. "तसोच. तसोच वाजवता तो." मग सुई उचलली, तबकडी कव्हरात घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेटवर काळे झेंडे घेऊन उभे होतो. त्या आठवड्यात कामावर जाणाऱ्या एकाची मी कॉलर धरली होती, दुसऱ्याला आईबहिणीवरून शिव्या घातल्या होत्या. लहूदादा डबा घेऊन आला. युनियनची पोरं माझ्याकडे बघायला लागली. दादा माझ्यासमोर थांबला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

तोंडात बरंच काही आलं होतं. मी आवाज न काढता नुसते ओठ हलवले. जा.

तो आत गेला. जरा वेळाने माग सुरू झाले. गेटच्या भिंतीला हात लावला तर कळत होतं.