गोचिडीवाले रामटेके काका

रामटेके काकांना कुणाचं कुत्रं दिसलं की ते आधी त्याच्या कानामागं बोटं फिरवायचे, मालकाला हॅलो नंतर. लहान मूल दिसलं तरी तेच. मला ते पहिल्यांदा भेटले ते आमच्या बिल्डिंगच्या तळघरात, कपडे धुवायच्या मशीनपाशी. मी चिनूला कडेवर घेऊन उभी, कुठलं बटण दाबायचं ते कळेना म्हणून घामाघूम झालेली, चिनूला "गप बस, गप बस" म्हणतेय, आणि हा पांढऱ्या केसांचा उंच माणूस सरळ आला आणि माझ्या पोरीचा कान उलटा करून बघायला लागला. मी दोन पावलं मागं सरले. त्यांनी माझं बोलणं ऐकलं असणार, गळ्यातलं बुद्धाचं लॉकेटही बघितलं असणार, कारण म्हणाले, "भेऊ नको वं पोरी, हातची सवय हाये. जय भीम. कोणत्या गावची?"

मी म्हटलं, परभणीकडची. म्हणाले, "मी भंडाऱ्याचा. गोचिडीचा डॉक्टर."

मला वाटलं थट्टा करतात. पण खरंच तेच काम. गायीगुरांचे डॉक्टर, अठरा वर्षं आफ्रिकेत, केनियात राहिलेले, आणि आता इथं अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या आमच्या गावातल्या युनिव्हर्सिटीत गोचिडीमुळं गायींना जो आजार होतो त्याच्यावर संशोधन करायचे. काकू वारल्या होत्या. मुलगा लांब अल्फारेटा शहरात, मोठं घर, तो म्हणायचा बाबा इकडं या. काका म्हणायचे, "तिथं जाऊन काय करू, एक गाय नाही दिसत सालभर."

आता मी कशी आहे ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. माझं शिक्षण दहावी, तीही दुसऱ्या वेळेला. लग्न झालं, चिनू झाली, आमच्या ह्यांना पीएचडीला इकडं जागा मिळाली, आणि मी विमानात बसले ती डोळे मिटूनच. इथं मला सगळ्याची भीती. फोन वाजला की भीती, समोरच्यानं इंग्लिशमधून विचारलं की भीती, बसचा ड्रायव्हर गुड मॉर्निंग म्हणाला तरी छातीत धडधड. त्यात मे महिन्यात ह्यांनी पार्कमधला एक बोर्ड वाचून दाखवला, त्याच्यावर टिकचं चित्र, म्हणजे गोचीड, हरणं येतात म्हणून गवतात असते, माणसाला चावते आणि आजार होतो. संपलं. मी चिनूला बाहेर नेणंच बंद केलं. दाराच्या फटीला टॉवेल लावायचे. अडीच वर्षांची पोर खिडकीला नाक लावून बसायची आणि "औटसाइड, औटसाइड" करायची, आणि मी म्हणायचे औटसाइडला बाऊ आहे.

एक दिवस दुपारी तिला झोपवताना मला तिच्या मानेवर, कानाच्या खाली, दिसलं. तपकिरी, चपटं, लांबट, चकचकीत. मी चिमट्यानं उचललं, तशीच अनवाणी पळत खाली गेले, काकांचं दार बडवलं. एका हातात चिमटा, दुसऱ्यात पोर, दोघी रडतोय. काकांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं, भिंग काढलं आणि चिमट्याकडं बघत बसले. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "काहून रडून राह्यली वं? याले पाय कुठी हाये?"

"म्हणजे?"

"गोचिडीले आठ पाय राह्यते. याले एक बी नाही." आणि त्यांनी ते उचलून तोंडात टाकलं, चावलं, आणि म्हणाले, "जवस हाये. अजून जरासं भाजाले पाहिजे होतं."

मी सकाळी जवसाची चटणी केली होती ना. चिनू मांडीवर बसून डब्यात हात घालत होती.

मला इतकी लाज वाटली की मी पुढचे चार दिवस त्यांच्या दारावरून गेलेच नाही. पाचव्या दिवशी तेच आले वर, म्हणाले, चटणी उरली का? भाकरी केली, वाढलं, आणि मी त्यांना विचारलं की काका तुम्ही सगळा दिवस त्या गोचिडींमध्ये बसता, तुम्हाला भीती नाही वाटत?

तेव्हा त्यांनी सांगितलं. तिकडं केनियात मसाई लोकांच्या गायींना एक गोचीड कानात धरते, आणि ती चावली की आधी कानाखाली गाठ सुजते, मग ताप, मग फुप्फुसात पाणी होऊन दोनतीन आठवड्यांत वासरू मरतं. म्हणून काकांची ती कानामागं बोट फिरवायची सवय. त्याच्यावर लस आहे, पण ती विचित्र. आजारी गोचिडी वाटून त्यातला जिवंत आजारच काढायचा, एकदम गार नळकांडीत ठेवायचा, वासराला टोचायचा, आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूला औषधाचं इंजेक्शन द्यायचं. आजार पण द्यायचा, औषध पण द्यायचं. वासरू थोडंसं आजारी पडतं, बरं होतं, मग जन्मभर पक्कं.

मी म्हटलं, "वाटून? मसाल्यासारख्या?"

"मिक्सरमध्ये नाही वं." मग हसायचे थांबले आणि म्हणाले, "औषध वजनावर राह्यते. एका वर्षी वजनाची टेप कॅम्पवर विसरलो. परत जाले तीन तास. मी म्हटलं, इतके वर्षं झाले, माह्या नजरेले समजते. नजरेनं वजन धरलं. औषध कमी पडलं. एका बाईची नऊ वासरं गेली. आजार मीच टोचला होता ना."

मी भाकरी मोडायची थांबले.

"त्या बाईनं मले बसाले लावलं. चहा केला तिनं माह्यासाठी. तवापासून प्रत्येक सुई टोचाच्या आधी मी वजन दोनदा घेतो. मी भेतोच पोरी. पण अंदाजानं नाही भेत आता. भ्याचं तर मोजून भ्याचं."

हे त्यांचं नेहमीचं वाक्य होतं, नंतर मला कळलं, पण त्या दिवशी मी पहिल्यांदा ऐकलं. दुसऱ्याच दिवशी ते एक पांढरी चादर काठीला बांधून घेऊन आले आणि म्हणाले, चल, किती गोचिडी हाये ते मोजू. मी नाहीच म्हणत होते. त्यांनी चिनूला पायमोजे पँटीच्या वरून चढवले आणि मला काठीचं एक टोक धरायला लावलं. बिल्डिंगच्या मागं झाडांच्या कडेनं ती चादर गवतावरून ओढत न्यायची, दहा पावलं झाली की उलटी करून बघायचं. येणारेजाणारे बघायचे, की हे काय कपडे वाळवतात का मळवतात. उन्हातल्या कापलेल्या गवतावर एकही सापडली नाही. झाडांच्या कडेला, पालापाचोळा होता तिथं, तीन. काकांनी त्या चिकटपट्टीला लावल्या आणि भिंगातून मला पाय मोजायला लावले. म्हणाले, "आता तुले समजलं भेव कुठी हाये. पालापाचोळ्यात हाये. झोक्यापाशी नाही. पोरीले झोक्यावर सोड." चिनू त्या दिवशी इतकी पळाली की संध्याकाळी जेवतानाच झोपली.

आणि रोज अंघोळीला कुठं कुठं बघायचं ते पण शिकवलं. केसांत, कानामागं, काखेत, गुडघ्याच्या मागं. सापडली तर तेल नको, तंबाखू नको, जळती काडी नको, आमच्या घरी म्हशीला करायचे तसलं काही नको, चिमट्यानं कातडीपाशी धरून सरळ वर ओढायची, आणि टाकायची नाही, डबीत ठेवायची.

जूनच्या शेवटी काका केनियाला गेले, तीन महिन्यांच्या कामावर. जाताना मला म्हणाले, फोन करत जा. मी म्हटलं बरं.

जुलैत हे कॉन्फरन्सला शिकागोला गेलेले असताना एका सकाळी चिनूच्या गुडघ्यामागं मला दिसली. मी सकाळी काय वाढलं होतं ते आठवून बघितलं, पोहे, जवस नाही. भिंग लावलं. पाय मोजले. आठ होते.

मी आधी ह्यांना फोन लावला. ह्यांचा फोन बंद, मीटिंगमध्ये असतील. मग कुणाची वाट न बघता मी चिमटा घेतला, चिनूच्या हातात मोबाईल देऊन तिला पालथी पाडलं, सरळ वर ओढली. निघाली. चिनू म्हणाली, "मम्मी, डन?" मी म्हटलं डन बेटा, आणि तिथंच फरशीवर बसले. मग काकांना फोन लावला. तिकडं दुपार उलटून गेलेली. मागं गायींचं हंबरणं.

"पाय मोजले?"

"आठ."

"पोट चपटं का फुगलेलं?"

"चपटं आहे काका."

"काल अंघोळीला होती?"

"नव्हती. मी नीट बघितलं होतं."

"मंग एक रात्र बी पुरी नाही झाली. चांगलं हाये. डबीत टाकली?"

"टाकली. काका, आता मी काय करू, हे पण नाहीत."

"डॉक्टरकडं जा. जे मले सांगितलं तेच सांग. तुले सगळं माहीत हाये."

मी बसनं गेले. ड्रायव्हर गुड मॉर्निंग म्हणाला, मी पण म्हटलं. दवाखान्यात नर्सनं विचारलं त्यातलं निम्मं मला कळलं नाही. मी डबी टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "टिक. लास्ट इव्हिनिंग बाथ, नो टिक. धिस मॉर्निंग, टिक. फ्लॅट." डॉक्टरबाईनं डबी उचलली, बघितली आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या व्हेरी गुड, असं कुणीच आणत नाही. आत्ता औषध नको म्हणाल्या, पण महिनाभर लक्ष ठेवायचं, चावल्याच्या जागी लाल चट्टा वाढतो का, ताप येतो का.

तो महिना. आमचे हे परत आले, म्हणाले डॉक्टरनं सांगितलं ना, मग झालं. पण रोज सकाळी मी तो गुडघा उन्हात धरून बघायचे, चट्टा आला का. काकांनी सांगितलं, त्यांनीही चाळीस वासरांना लस टोचली होती, त्यांच्यावरही महिनाभर असंच लक्ष ठेवायचं होतं. मग ते रोज फोन करायचे. "माही चाळीस ठीक. तुही एक?" मी म्हणायचे ठीक. झालं. अर्ध्या मिनिटाचा फोन. कधी वर म्हणायचे, "एकानं माही टोपी खाल्ली." चिनू फोनमध्ये तोंड घालून "काऊ, काऊ" करायची आणि काका मोबाईल वासराच्या तोंडासमोर धरायचे.

अठराव्या दिवशी फोन आलाच नाही. मी अकरापर्यंत वाट बघितली आणि मीच लावला. काकांनी लगेच उचलला.

"काका?"

"एकाले ताप हाये," म्हणाले. "कालपासून. गाठ बी हाये. बाहेर उभा हावो मी. आत जाऊन पाहाचं हाये."

"वजन टेपनं घेतलं होतं ना?"

"घेतलं होतं. दोनदा."

"औषध बरोबर दिलं ना?"

"दिलं ना."

मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. हा माणूस अठरा वर्षं तिकडं राहिलेला, आणि वासराच्या गोठ्याच्या दारात उभा, आत जाईना. मला काय कळतं त्यातलं. मी म्हटलं, "काका, जा. मी फोन ठेवत नाही."

ते गेले. मोबाईल खिशात घातला असणार, कारण नुसती खसखस ऐकू यायला लागली, पावलं, कुणीतरी तिकडच्या भाषेत काहीतरी बोललं, फाटक वाजलं. चिनू माझ्या मांडीवर चढून बसली, तिला वाटलं तिची बारी आहे. मी तिच्या तोंडावर बोट ठेवलं. खूप वेळ गेला. मग काकांचा आवाज आला, एकदम जवळून.

"उभं हाये," म्हणाले. "ताप उतरून राह्यला. आईले पिऊन राह्यलं."

काका पुढं परत आलेच नाहीत. तिथलं काम वाढलं, आणि त्यांच्या घरात आता दोन चिनी मुलं राहतात. त्याआधी, ऑगस्टमध्ये, चिनूचा महिना संपला तेव्हा मी तिला डॉक्टरबाईंकडं नेलं, एकटीच, बसनं. सगळं ठीक होतं. बाहेर आल्यावर बस यायला वेळ होता म्हणून मी तिला समोरच्या उन्हातल्या कापलेल्या गवतावर सोडलं आणि बाकावर बसून काकांना फोन लावला.