प्रीतीचं चुकलेलं उत्तर

परीक्षेत उत्तर चुकल्यावर आनंदानं नाचणारी पोट्टी तुम्ही पाहिली का कधी? मी पाहिली. माझ्याच घरी, माझ्याच सोफ्यावर, चपला घालून!

प्रीती म्हणजे माझ्या बहिणीची, कौसल्याची पोरगी. नागपूरच्या इंदोऱ्यात आमची घरं पाठीला पाठ लागून. पोट्टी कम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, आणि त्यातच हे ऑनलाइन जीवशास्त्राचं खूळ घेऊन बसली. पेशीच्या आत काय लिहिलेलं असते, ते शिकायचं म्हणे. माझ्याकडचं वायफाय धड चालते, म्हणून वर्ग माझ्याच घरी.

"मावशी, हे तर आमच्यासारखंच काम हाय वं! चार अक्षरं, बस! तीन-तीन अक्षरांचा एक शब्द, आणि त्याच्यावर अख्खं शरीर चालून राहिलं!" असं सांगत ती गॅसपर्यंत माझ्या मागं यायची. मी म्हणायची, "हो बाई, पण कुकरच्या शिट्ट्या मोज." मोजायची तेही शून्यापासून, कम्प्युटरवाल्यांची खोड! माझ्या डाळीचा पार गाळ.

या खुळामागं कारण होतं तिचा भाऊ, धम्मानंद. त्याले सिकलसेल आहे, रक्ताचा आजार. दुखणं उठलं की पोरगं हातपाय आवळून पडते, आणि कौसल्या पाण्याची बाटली घेऊन त्याच्या उशाशी. तिचा नवरा भैय्याजी हिंगण्याच्या कंपनीत सुपरवायझर. भाऊजी एकदा बुद्धविहारात वंदना झाल्यावर सगळ्यायसमोर बोलून गेले, "हे दुखणं हिच्या माहेरचं हाय. आमच्यात कोणाले नाही." तपासणीत कौसल्याच्या रक्तात तो दोष निघाला होता ना! यायनं स्वतः मात्र सुईपुढं कधी हात धरला नाही. डॉक्टरनं तपासून घ्या म्हटलं, पण ऐकते कोण? आठवलं की अजून माझं डोकं फिरते. त्या दिवसापासून कौसल्या विहारात पार मागं, भिंतीशी बसू लागली.

एका दुपारी प्रीती किंचाळलीच. "मावशी, सापडलं! हे पाह्य, हे निरोगी माणसाचं, आणि हे सिकलवाल्याचं. फरक एकाच अक्षराचा!"

कौसल्या तिथंच मेथी निवडत होती, तीही उठून आली. "एकच अक्षर?"

"एकच! आमच्या प्रोग्राममध्येही असंच असते, आई. एक अक्षर चुकलं की सगळं ठप्प." आणि त्याच भरात पोट्टी बोलून गेली, "म्हणजे आईबापापैकी एकाकडून आलं तरी पुरते."

"म्हणजे तुझा बाप खरंच बोलला," कौसल्या म्हणाली आणि मेथी तशीच टाकून घरी निघून गेली.

"आग लागो तुझ्या प्रोग्रामले!" मी ओरडली. प्रीतीचं तोंड एवढंसं झालं.

तेच उत्तर तिनं परीक्षेत लिहिलं, आणि आली लाल फुली. स्क्रीनवरच्या मॅडम म्हणाल्या, कम्प्युटरवाले हमखास इथंच चुकतात. प्रोग्राम एकच असतो, पण शरीरात या मजकुराच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. एक बिघडली तर दुसरी सांभाळून घेते, लाइट गेल्यावर इन्व्हर्टर घेतो तसं. धम्मानंदसारखं आजारी पडायला दोन्ही बिघडाव्या लागतात.

तेव्हाचं ते सोफ्यावरचं नाचणं! "मावशी, मी चुकली! चुकली वं मी! दोन्ही लागते, दोन्ही!" मले समजायला जरा वेळ लागला. समजल्यावर मीही चढली असती सोफ्यावर, गुडघे धड असते तर!

भैय्याजी कंपनीतून आले तसं प्रीतीनं त्यायले लॅपटॉपपुढं बसवलं आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे माझ्याकडूनही?"

"हाव बाबा. अर्धं तुमचं."

"काहीच्या काही सांगून राहिली!" म्हणाले खरे, पण गुपचूप रक्त तपासून आले. निघालं ना बाप्पा! जसं कौसल्याचं, तसंच त्यायचं. मंग आले स्वयंपाकघराच्या दारात. "तुले फुकटच बोललो वं मी."

कौसल्यानं तव्यावरची पोळी उलटली. "विहारात बोलले होते. तिथंच सांगा."

रविवारी वंदना झाली आणि भाऊजी उभे राहिले.

"धम्मानंदचं दुखणं माझ्याकडूनही आलं हाय," ते म्हणाले. "मी हिले नाही ते बोललो. दोष माझा..."

"दोष कोणाचाच नाही." आवाज कौसल्याचा होता, आणि आला पहिल्या रांगेतून. "बसा आता खाली. आणि बाकीच्यायनं आपापलं रक्त तपासून घ्या."