पडद्यामागचे दोन इंच

मास्तरांच्या दुकानात एक पडदा होता आणि त्या पडद्यामागे मास्तरीण होती. बायकांची मापं ती घ्यायची. मास्तर बाहेर, कापायच्या टेबलाशी, कानावरची पेन्सिल काढून आकडे वहीत उतरवायचे. परक्या पुरुषाने बाईला टेप लावायचा नाही, असा काळ होता तो. तो संपल्याचं कुणी दुकानात येऊन कळवलं नाही, म्हणून पडदा पन्नास वर्षं राहिला.

लग्न होऊन आली तेव्हा मास्तरीण एकोणीस वर्षांची होती आणि खरं बोलायची. पहिल्याच आठवड्यात फौजदाराची बायको माप द्यायला आली. मास्तरिणीने टेप फिरवला आणि पडद्याआडून खणखणीत आवाजात सांगितलं, "कंबर अडतीस!" बाहेर बाकावर तीन गिऱ्हाइकं बसली होती, त्यातला एक फौजदाराचाच शिपाई. फौजदारीणबाई तरातरा निघून गेल्या त्या पुन्हा फिरकल्या नाहीत. त्यांच्या दोन्ही नणंदाही फिरकल्या नाहीत.

सासऱ्याने सुनेला बोलावलं. म्हातारा जुना कारागीर, बोलतानासुद्धा तोंडातल्या टाचण्या काढत नसे. "सूनबाई, कंबर दोन इंच खाली सांगायची," तो म्हणाला. "हा दोन इंच वर कापेल. गिऱ्हाईक खूश, कपडा अंगाबरोबर. आणि याबद्दल बाहेर ब्र काढायचा नाही." झालं! त्या दिवसापासून दुकान खोट्यावर चाललं आणि झकास चाललं. पुरुषांच्या मापांत ही भानगड नव्हती. पुरुष पोट आत ओढून आपलं आपणच खोटं बोलायचे.

मास्तरिणीचं स्वतःचं माप अठ्ठावीस. म्हणजे तीस. तेही ती पडद्याआडूनच सांगायची, पुढे तीन मुलं झाल्यावरसुद्धा, त्याच मुलांच्या बापाला. मास्तर वहीत अठ्ठावीस लिहायचे आणि तीस कापायचे. दोघांनी कधी त्याचा विषय काढला नाही.

मग युद्ध आलं. पुरुष तिकडे गेले आणि कारखान्यांत बायका उभ्या राहिल्या. आगगाडीच्या कारखान्यात लागलेली एक बाई दुकानात आली आणि म्हणाली, झगा यंत्रात अडकतो, पँट शिवून द्या. म्हाताऱ्याच्या तोंडातल्या टाचण्या त्या दिवशी प्रथमच खाली पडल्या. मास्तरांनी हात जोडले. "तसलं आमच्याकडे होत नाही, बाई."

आठवड्याने तीच बाई दुकानावरून गेली, ती भावाची पँट सुतळीने कमरेला बांधून. मागे बूड लोंबतंय, पाय पिशव्यांसारखे. बाईने पँट घालणं मास्तरांनी एक वेळ सोसलं असतं. इतकी वाईट बसलेली पँट त्यांना बघवेना. टेप गळ्यात तसाच, रस्त्यात धावत गेले. "अहो बाई, आत या आधी! लाज वाटते की नाही काही?" लाज फिटिंगची होती, हे तिला आत आल्यावर कळलं.

"खिसे किती?" मास्तरांनी विचारलं.

"चार," पडद्याआडून बाई म्हणाली.

पडद्यामागे टेप थांबला. मास्तरिणीच्या टाचण्या तोंडात असायच्या, खडू मुठीत आणि किल्ल्या कमरेला. बायकांच्या कपड्याला खिसा ठेवायची पद्धतच नव्हती. बायकांकडे ठेवण्यासारखं असतं काय, असा विचार असावा.

संध्याकाळी दुकान झाडताना ती म्हणाली, "अहो, मलाही एक शिवा तसली. चार खिशांची."

"तू कुठे आगगाड्या बनवायला निघालीस?"

"कुठे नाही. खडू ठेवीन."

"हंगाम संपू दे, बघू," मास्तर म्हणाले.

हंगाम काही संपेना. युद्धात कापड मिळेनासं झालं म्हणून सरकारने झगे गुडघ्यापर्यंत आणले. युद्ध संपलं, कापड आलं, तर बायकांना एकेका झग्यात तीन झग्यांचं कापड हवं झालं. नंतर मुली टाइप करायला कचेऱ्यांत जाऊ लागल्या आणि झगे अरुंद झाले, खुर्चीच्या मापाचे. मग तर विचारू नका. आई बाकावरून सांगायची, "मास्तर, लांब ठेवा," आणि लेक पडद्यामागे कुजबुजायची, "काकू, वर घ्या हो." मास्तरीण मोठ्याने आईचा आकडा सांगायची आणि खोकायची. खोकला म्हणजे चार इंच वर. मास्तर एका शब्दाने विचारायचे नाहीत. दर चार-सहा वर्षांनी मास्तरीण पँटीची आठवण करायची, आणि दर वेळी टेबलावर कुणाचं तरी लग्न नाहीतर कुणाची तरी नोकरी कापून पडलेली असायची.

एकदा ती पंधरा दिवस बहिणीकडे गेली आणि मापं घ्यायला धाकटी लेक बसली. लेकीला कुणी काही सांगितलं नव्हतं. ती आकडे खरे सांगत गेली, मास्तर दोन इंच वाढवत गेले. तेरा कपडे ढगळ निघाले. मास्तरांचा जीव टांगणीला लागला, पण तेराही जणी हसत घेऊन गेल्या. नेमकी त्याच वर्षी ढगळ कपड्यांची टूम निघाली होती. मास्तरांना काळाच्या पुढचा माणूस म्हणू लागले लोक. मास्तरीण परत आली, तिने वही चाळली आणि दुपारभर पडद्यामागे एकटीच हसत बसली.

मग समोर तयार कपड्यांचं दुकान झालं. छोटा, मधला, मोठा. सगळी माणूसजात तीन मापांत. तिथे टेप नाही, पडदा नाही, खोटं बोलायला माणूसही नाही. बाक रिकामं पडलं. मास्तर दिवसभर शिवणयंत्राला तेल घालायचे.

"संपला ना हंगाम?" मास्तरीण म्हणाली.

तिची तब्येत त्या वर्षी खालावली होती. डॉक्टरांनी मास्तरांना बाजूला घेऊन सांगितलं, सहा महिने. मास्तरांनी सवयीने आठ धरले. दुकानात येऊन त्यांनी फळीवरचं गडद निळं जाड कापड काढलं. गेल्या दहा वर्षांत त्याहून चांगलं कापड दुकानात आलं नव्हतं.

"सांग माप," ते म्हणाले.

ती पडद्यामागे गेली. बराच वेळ गेला. "अठ्ठावीस!" आवाज पूर्वीसारखा खणखणीत काढायचा प्रयत्न होता.

मास्तरांनी अठ्ठावीस लिहिलं आणि तीस कापलं. चार खिसे लावले. दोन दिवसांनी ती पँट घालून पडद्याबाहेर आली, दोन्ही हात खिशांत घालून. मास्तर बघत राहिले. बाई रुबाबदार दिसत होती. मग तिने चष्मा सारखा करायला एक हात बाहेर काढला आणि पँट त्या बाजूने घसरली. हात पटकन पुन्हा खिशात गेला. चालीत रुबाब कसला, ती आतून पँट धरून चालत होती.

"खिसे आहेत म्हणून बरं," ती म्हणाली.

मास्तरांनी गळ्यातला टेप काढला. पन्नास वर्षांत पहिल्यांदा ते तिला घेऊन पडद्यामागे गेले. तिला स्टुलावर बसवलं, मग उभं केलं, टेप फिरवला. बावीस. टेप चुकीचा असेल म्हणून पुन्हा फिरवला. बावीसच. जन्मभर दोन इंच खाली सांगणारी ही बाई या वेळी सहा इंच वर बोलली होती.

"किती आलं?" तिने विचारलं.

"अठ्ठावीस," मास्तर म्हणाले. "कापताना माझाच हात ढिला पडला. म्हातारा झालो. थोडी आत घेतो."

"कापड छाटू नका हं," ती म्हणाली. "मी भरून काढीन."

छाटायचं म्हटलं तरी मास्तरांच्याने कात्री धरवली नसती. त्यांनी आठच्या आठ इंच आत दुमडले आणि वरून शिवण मारली. इतकं गचाळ काम त्यांनी उमेदवारीतसुद्धा केलं नव्हतं. म्हातारा असता तर टाचण्यांसकट ओरडला असता. त्यांना रडू आलं, तेव्हा त्यांनी यंत्र जोरात चालवलं.

दुसऱ्या दिवशी ती पँट घालून बाहेर आली. पँट कमरेवर बसली होती. तिने एका खिशात खडू टाकला, दुसऱ्यात किल्ल्या, तिसऱ्यात टाचण्यांची डबी. मग कमरेवरून हात फिरवला आणि जरा थांबली.

"शिवणी जाड लागतात हो हाताला."

"कापडच जाड आहे," मास्तर म्हणाले.

"वहीत काय लिहिलंत?"

"अठ्ठावीस."

"बरोबर," ती म्हणाली. मग चौथ्या, रिकाम्या खिशात हात घालून ती रस्ता ओलांडून समोरच्या दुकानाच्या काचेत स्वतःला बघायला गेली.