लालमहंमद चाचांच्या दोन प्लेटा

सोमवारपासून लालमहंमद चाचा वसतिगृहाच्या गेटवर खुर्चीत बसणार होते. चाळीस वर्षं लातुरात सुऱ्या आणि विळे घडवलेला माणूस. मुरुडच्या आमच्या शेतातले सगळे विळे त्यांच्याच हातचे.

त्र्याण्णवच्या भूकंपात ते पहारी घेऊन किल्लारीकडं गेले आणि तीन आठवडे पडलेल्या माळवदांखालची लाकडं उचलत राहिले. "परत आले ते उजवा खांदा तिकडंच ठेवून," असं दिलशादचाची म्हणायच्या. तरीही विळ्यांवर दिवस निघत होते.

मग गावात क्लासेस वाढले, पोरांची वसतिगृहं वाढली आणि त्यांच्या मेस. मेसमधल्या सुऱ्या दिवसभर ओल्या मोरीत पडून असतात, म्हणून त्यांना न गंजणारं पोलाद हवं. त्या पोलादाची पातळ पट्टी चाचा भट्टीत तापवून तेलात बुडवायचे आणि ती केळ्यासारखी वाकून वर यायची. मग गरम आहे तोवर ऐरणीवर ठोकून सरळ करायची. पाचव्या सुरीपर्यंत दुखरा खांदा हार मानायचा. गार झाल्यावर ठोकलं की पातं मधोमध तुटायचं.

वसतिगृह आणि त्याची मेस चालवणारे माणिकप्पा माणूस वाईट नव्हते. तुटकी पाती बघून म्हणाले, "चाचा, सुऱ्या जमत न्हाईत तर माझ्या गेटवर बसा. काम काय, नुसतं बसायचं. रविवारपर्यंत तीस सुऱ्या सरळ दिल्या तर मात्र मेसचं काम तुमचंच."

चाचांनी दोन्हीला मान डोलावली. त्यांना एवढंच म्हणायचं होतं की थकलोय.

मी तेव्हा विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून सुट्टीत आलो होतो. पुस्तकातली एक गोष्ट त्यांना सांगितली: हे पोलाद तेलाशिवायही कडक होतं. लाल पातं दोन जाड, सपाट, थंड प्लेटांमध्ये दाबून धरायचं. प्लेटा उष्णता ओढून घेतात आणि पात्याला वाकायला जागाच उरत नाही. ठोकायचं काम नाही.

"तेलाबिगर?" चाचा म्हणाले. "इंजिनेर, लोखंडाला प्यायला काही तरी लागतं."

भंगारवाल्याकडून दोन लोखंडी प्लेटा आणल्या, लेथवर सपाट करून घेतल्या. शुक्रवारी नमाजहून आल्यावर त्यांनी सहा पाती दाबली. सहाही सरळ निघाली. मी उड्या मारायच्या बेतात होतो. चाचांनी कानस घेतली आणि धारेवर फिरवली. कडक पात्यावर कानस घसरते. ही टाचेकडं, मुठीच्या बाजूला, घसरली; टोकापाशी मात्र खरवडून गेली. सगळ्या पात्यांची टोकं मऊ.

"गेटवरच बसतो," ते म्हणाले आणि खरंच दुकानाच्या पायरीवर बसले.

मी प्लेटा पाहिल्या. टोकाच्या बाजूला काळा, चिकट थर होता.

"चाचा, तेल लावलं होतं?"

"एक बोट. भट्टी पेटवली की पयलं बोट तेलाचं. उस्तादांनी शिकवलंय."

ते एक बोट तेल जळून त्याची काजळी झाली होती. तिथं पातं प्लेटेला टेकलंच नव्हतं, म्हणून तिथं ते सावकाश गार झालं. मी समजावलं. त्यांनी तेलाची बरणी उचलून मांडीवर घेतली.

मग आतून चाचींचा आवाज आला, "उस्तादांना जाऊन वीस वर्षं झाली. बरणी मला द्या, भजी तळते."

"ते तेल खाशील तर तूच कडक होशील," चाचा म्हणाले आणि उठले.

त्यांनी प्लेटा राखेनं घासल्या, कोरड्या पुसल्या. बरणी स्वतःच्या हातानं मागच्या फळीवर नेऊन ठेवली. प्रत्येक पात्यानंतर प्लेटा पंख्यापुढं गार केल्या. शनिवारी संध्याकाळी तिसावं पातं निघालं. कानस टाचेपासून टोकापर्यंत घसरत गेली. कडकपणातला ठिसूळपणा जावा म्हणून पाती शेजारच्या बेकरीच्या भट्टीत शेकून घेतली. रविवारी मुठी बसवल्या.

माणिकप्पांनी एकेक सुरी डोळ्यापुढं धरून पाहिली. "मग गेटवर?"

"दुसरा बघा."

चाची दारात उभ्या होत्या. "म्हंजी मी अजून दहा वर्षं कपड्यातला कोळसा धूत बसू?"

"हाव," चाचा म्हणाले. डाव्या हातानं उजवा खांदा दाबत ते पायरीवर बसले. सोमवारी भट्टी पेटवायची होती.