नियम नववा

कय्युमभाईंना गावात सगळे चावीवाला म्हणत. बोरगव्हाणच्या नगरपालिकेत ते नळखात्यात होते. छातीएवढी उंच लोखंडी चावी खांद्यावर टाकून पहाटे निघायचे आणि रस्त्यातली झाकणं उचलून एकेका मोहल्ल्याचं पाणी सोडायचे. मी त्याच कचेरीत कारकून होतो. त्यांच्याबद्दल लिहायचं तर मला स्वतःबद्दलही थोडं लिहावं लागेल, कारण जे झालं त्यातले कागद माझ्या हातचे आहेत.

१९५७ साली गावात नळयोजना आली तेव्हा कय्युमभाई खड्डे खोदायच्या कामावर लागले. बिडाचे पाइप स्टेशनावरून गावापर्यंत आणायला ट्रक मिळेना. गावाबाहेरच्या बंजाऱ्यांच्या टांड्यावरच्या भावसिंगने आपल्या आणि भाऊबंदांच्या बैलगाड्या जोडल्या आणि महिनाभर पाइप वाहिले. तेव्हापासून दोघांची दोस्ती. ईदला भावसिंग यायचा, होळीला कय्युमभाई टांड्यावर जायचे. योजना पुरी झाली तेव्हा टांडा हद्दीबाहेर असूनही त्याच्या तोंडाशी एक नळकोंडाळं बसवलं गेलं. ते सोळावं, शेवटचं.

पासष्ट साली पाऊस दगा देऊन गेला. सहासष्टच्या फेब्रुवारीत नदीत नुसती वाळू उरली. नदीतल्या विहिरीवरच आमचा पंप होता. एके सकाळी कय्युमभाई विहिरीतलं पाणी मोजायचा, गाठी मारलेला दोर घेऊन कचेरीत आले आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला.

"साहेब, ही गाठ दिवाळीची, ही संक्रांतीची, अन् ही आजची. असंच चाललं तर पन्नास दिवस. मंग चिखल."

मुख्याधिकारी नागपूरकडचे, नुकतेच बदलून आलेले. माणूस वाईट नव्हता. मला म्हणाले, "पाणीवापराचे नियम करा. दोन दिवसांत मसुदा पाहिजे."

मी एका मोठ्या शहराचं जुनं परिपत्रक शोधून त्यावरून उतरवून काढलं. बागांना पाणी घालू नये, मोटारी धुऊ नयेत, कारंजी बंद ठेवावीत. कय्युमभाईंना वाचून दाखवलं.

"घनश्यामबाबू, गावात मोटारी तीन. बाग कोनाची हाय? कारंजं तर म्या जिंदगीत पाह्यलं नाही. कागद ठेवा अन् चला माह्यासंगं."

तीन दिवस आम्ही गाव पालथं घातलं. प्रत्येक नळकोंडाळ्यावर घागर लावायची आणि ती भरायला किती वेळ लागतो ते मी घड्याळावर बघून लिहायचं. कोणत्या घरात माणसं किती, कुठल्या हॉटेलात दिवसाला किती पिंपं लागतात, मशिदीत, देवळात, दवाखान्यात किती, सगळं त्यांना तोंडपाठ. बाळंतीण असलेली घरंसुद्धा त्यांनी सांगितली. त्यातून खरे नियम झाले. घरातले नळ बंद. पाणी फक्त नळकोंडाळ्यावर, एक दिवसाआड. घरटी चार घागरी, बाळंतिणीला एक जास्त. बांधकाम बंद. नळावर कपडे धुणं, जनावरं पाजणं बंद.

हिशेब जेमतेम बसत होता. पण पाणीसमितीच्या बैठकीत कापसाच्या जिनिंग कारखान्याचा विषय निघाला. तिथे रोज आठ हजार गॅलन लागत. कापसाला आग लागली तर काय करायचं, म्हणून त्यांचं हौद भरायचं पाणी तोडता येणार नाही असं ठरलं. बोलणारे कोण होते आणि त्यांचा जिनिंगशी काय संबंध होता हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. हिशेब मोडला. चारच्या तीन घागरी केल्या, तरी कमी पडायला लागलं.

साहेबांनी दाराशी उभ्या कय्युमभाईंना विचारलं, "सर्वांत जास्त पाणी वाया कुठं जातं?"

ते म्हणाले, "सोळा नंबरच्या लाइनीत, साहेब. सांधे गेले हायेत. तिथं एक घागर भरते तवा दोन घागरी जमिनीत जाते."

"आणि तो नळ हद्दीबाहेर आहे."

"हाय. पण साहेब, सांधे भरता येतात. मले आठ दिवस अन् चार माणसं द्या."

"आठ दिवस आहेत कुठे?" साहेब म्हणाले आणि माझ्याकडे वळले. मी लिहिलं: नियम नववा, नगरपालिका हद्दीबाहेरील इसमांस पाणी मिळणार नाही, नळकोंडाळे क्रमांक सोळा बंद करण्यात येत आहे.

बंद करायला कय्युमभाईंनाच जावं लागलं. मी नोटीस चिकटवायला सोबत होतो. भावसिंग बाजेवरून उठून आला.

"काय करून राह्यला, कय्युमभाई?"

"हुकूम हाय, भाऊ."

"पाइप आम्ही वाहिले."

"मले म्हाईत हाय."

"मंग आमचाच नळ काहून?"

कय्युमभाईंनी खरं ते सांगितलं. सांधे गळतात, साहेबांनी विचारलं, मी सांगितलं. भावसिंगची बायको लालीबाई रिकामी घागर कमरेवर घेऊन उभी होती. ती म्हणाली, "विचारलं तवा गप राह्यता नाही आलं तुले?" कय्युमभाई खाली वाकले आणि चावी फिरवायला लागले. व्हॉल्व्ह घट्ट बसला होता, त्याला बरेच फेरे लागले.

टांड्यावरच्या बाया मग दीड कोसावरच्या नाल्यात झिरा उकरून वाटीवाटीने पाणी भरू लागल्या. त्याच झिऱ्यावर आसपासची जनावरं येत. तीन आठवड्यांनी टांड्यात पटकी लागली. पहिली गेली भावसिंगची सून चंदाबाई. सकाळी उलट्या सुरू झाल्या आणि दिवस मावळायच्या आत संपली. सहा महिन्यांची गरोदर होती. तिच्यामागे चार दिवसांत आणखी चौघं.

चंदाबाईची खबर आली त्याच्या दुसऱ्या पहाटे कय्युमभाईंनी कोणालाही न विचारता सोळा नंबर उघडला. त्या दिवशी वरच्या पेठेत पाणी चढलं नाही. दुपारपर्यंत तक्रार कचेरीत आली.

साहेबांनी विचारलं, "तुम्ही उघडला?"

"हो."

"नियम माहीत होता?"

"माह्यासमोरच लिहिला, साहेब."

चावी काढून घेतली गेली. निलंबनाचा हुकूमही मीच लिहिला. त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला आणि मला म्हणाले, "अक्षर चांगलं हाय तुमचं." टोमणा होता की नव्हता, मला अजून कळलेलं नाही.

पुढे जिल्ह्याहून डॉक्टर आले, झिरा बुजवला, टोचण्या झाल्या, टांड्यावर टँकर सुरू झाला. समितीने नववा नियम रद्द केला. जिनिंगचं पाणी मात्र पाऊस पडेपर्यंत तसंच चाललं. आग काही लागली नाही.

जुलैत कय्युमभाईंना परत घेतलं, कारण कुठला व्हॉल्व्ह किती फेरे उघडायचा हे दुसऱ्या कोणाला येत नव्हतं. हिवाळ्यात ते सुटीच्या दिवशी एकटेच सोळा नंबरची लाइन उकरत बसायचे. सांध्यांत ताग ठासायचे आणि वर शिसं ओतायचे. त्यांची बायको हजराबी भाकर घेऊन जायची आणि खड्ड्याच्या काठावर बसून राहायची. "घरी बोलत नाहीत," ती एकदा मला म्हणाली, "तिथं निदान जेवतात तरी." फेब्रुवारीत काम पुरं झालं. पाणी जोरात यायला लागलं. पण तोवर भावसिंग मुलाला घेऊन राजूरला खाणीकडे निघून गेला होता, आणि टांड्यावरची निम्मी घरंही पांगली होती.

अडुसष्ट साली पुन्हा पावसाने ओढ दिली. नवे साहेब आले होते. नियम करायची वेळ आली तेव्हा त्यांनी कय्युमभाईंना बोलावून विचारलं, कोणत्या लाइनीत गळती जास्त आहे.

"मले नाही म्हाईत, साहेब," कय्युमभाई म्हणाले.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून लिहीत राहिलो. त्या साली सगळ्यांना सारख्याच तीन घागरी मिळाल्या. उन्हाळा कसाबसा निघाला.

त्याच वर्षी ते एकदा एसटीने वणीला आणि तिथून राजूरला जाऊन आले. भावसिंग भेटला. मी विचारलं, काय बोलणं झालं?

"पोराले काम लागलं म्हने. बैलं विकली. चहा पाजला त्यानं."

"आणि त्या गोष्टीचं?"

"त्यानं काढली नाही. मले काढता आली नाही." ते उठले. पेठेचं पाणी बंद करायची वेळ झाली होती.