सगळ्यांच्या अर्जातली ओळ

माझं टायपिंगचं दुकान कचेरीच्या भिंतीला लागून होतं. दुकान म्हणजे पत्र्याची टपरी, आत एक संगणक, एक प्रिंटर आणि मी. आमच्या घरात तीन पिढ्या कारकुनी झाली, त्यामुळं 'उपरोक्त विषयास अनुसरून' हे मला शुभंकरोतीसारखं पाठ होतं. लोक रडत सांगायचे, भांडत सांगायचे, मधेच जावेला शिव्या द्यायचे; मी त्याचा सरळ दहा ओळींचा अर्ज करून हातात ठेवायचे. म्याडमनं लिहिलं की काम होतं, असं आवारात बोललं जायचं. ते ऐकून मी फुगायचे, खोटं कशाला बोलू.

शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. लागोपाठ पावसाळे कोरडे गेले होते, आणि शहर मात्र चिकलठाण्याच्या पुढं पसरतच चाललं होतं. रानं मोडून गुंठ्यागुंठ्यानं प्लॉट विकले गेले, त्यावर घरं झाली, नळ काही आले नाहीत. टँकर मोठ्या रस्त्यावर उभा राहायचा आणि तिथून ज्याचं त्यानं वाहून न्यायचं. म्हणून त्या दोन-तीन वर्षांत माझ्याकडं एकच अर्ज सारखा यायचा: टँकर आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबवावा.

आता आमच्या धंद्याची रीत सांगते. नवा अर्ज कोणी कोऱ्या पानावर लिहीत नाही. तसलाच जुना अर्ज उघडायचा, नाव-पत्ता बदलायचा, नव्या नावानं ठेवायचा, प्रिंट काढायची. बाहेर रांग असताना दुसरं कोण काय करणार?

अशा हजारो फायली साठल्या. कोणी येऊन "मागच्या साली लिहून नेला होता, त्याची प्रत द्या" म्हटलं की माझी पंचाईत व्हायची. पुण्यात शिकणाऱ्या माझ्या मुलीनं मग फोनवरून मला ग्रेप नावाची आज्ञा शिकवली. काळ्या पडद्यावर ती चार इंग्रजी अक्षरं, पुढं हवा तो शब्द, आणि एंटर. ज्या ज्या फायलीत तो शब्द असेल, तिचं नाव आणि तेवढी ओळ समोर येते. "आई, ते वाचत नाही, नुसतं जुळवतं," ती म्हणाली होती. मला ते जादूसारखंच वाटलं. कागद शोधायला आलेल्या माणसाला मी मुद्दाम पडदा वळवून दाखवायचे.

ती बाई पहिल्यांदा आली तेव्हा उन्हं तापायला लागली होती. तिच्या नवऱ्याला लकवा मारला होता. चिकलठाण्याच्या पुढच्या वस्तीत एका खोलीत दोघंच राहायची. ती म्हणाली, "म्याडम, म्या पान्याला गेले की मालक उठाया बघतेत. त्यास्नी वाटतं, चालता येतंय. अन् पडतेत. टँकर गल्लीपशी आला तर दारातून ध्यान तरी राहील माझं."

मी जुना अर्ज उघडला आणि त्यात एक ओळ नवी घातली: 'घरात अंथरुणाला खिळलेला रुग्ण असून त्यास एकटे सोडून पाण्यासाठी जाणे शक्य होत नाही.' तिला वाचून दाखवली. "लई चांगलं लिवलं," ती म्हणाली. मलाही तसंच वाटलं.

महिन्याभरानं ती तोच कागद घेऊन परत आली. उन्हानं चेहरा रापला होता. सरकारी काम, सहा महिने थांब, हे मी तिला ऐकवणार होते, पण तिनंच सांगितलं. "सायब म्हनले, हे तर समदेच लिवतेत. जा."

माझं डोकंच फिरलं. माझं वाक्य, मी घडवलेलं, आणि तो म्हणतो सगळेच लिहितात! मी तिला आत स्टुलावर बसवलं. "थांबा, त्याचं तोंडच बंद करते. ही ओळ दुसऱ्या कुणाच्या अर्जात नाही, याचा कागद काढून देते." पडदा तिच्याकडं वळवला, 'अंथरुणाला खिळलेला' एवढेच शब्द टाकले आणि एंटर दाबलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

ओळी येतच राहिल्या. पडदा भरला, वर सरकला, पुन्हा भरला. तीच ओळ, माझीच, पूर्णविरामासकट. तिच्यानंतर टँकरसाठी जो जो आला, त्याच्या अर्जासाठी मी तिचीच फाईल उघडली होती. नावं बदलली होती, पत्ते बदलले होते. ती ओळ चांगली होती म्हणून राहू दिली होती, की लक्षच गेलं नव्हतं? दोन्ही खरं आहे.

ती अक्षरओळख असलेली बाई होती. बोट लावून हळूहळू वाचत होती. मग माझ्याकडं वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "अगं माय! इतक्या घरांत असं मानूस पडून हाय?"

मला तेव्हा तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "नाही हो. तुमच्याच घरात आहे. बाकीचं मी लिहिलं." तिला कळायला वेळ लागला. कळल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं आणि एवढंच विचारलं, "मग आता सायबाला खरं कसं कळंल?"

दुसऱ्या दिवशी टपरी बंद ठेवून मी तिच्याबरोबर कचेरीत गेले. पाण्याचं काम बघणाऱ्या साहेबाला सगळं सांगितलं. तो हसला नाही, रागावलाही नाही. म्हणाला, "म्याडम, लिहून द्या." जन्मभर लोकांचे अर्ज लिहिले, पण स्वतःच्या नावानं हा पहिलाच. 'उपरोक्त विषयास अनुसरून' लिहिलं आणि हात थांबला. मग ते खोडलं आणि लिहिलं: या बाईच्या घरी खरंच रुग्ण आहे. इतरांनी तसं सांगितलं नव्हतं, मी लिहिलं. खाली सही केली. पुढं ज्यांचे अर्ज यामुळं खोटे ठरले, त्यांतले दोघे-तिघे टपरीवर भांडायला आले. ते बरोबरच होते.

आठव्या दिवशी टँकर तिच्या गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला. तिचे मालक सहाव्या दिवशी पडले होते. ती मोठ्या रस्त्यावर रांगेत होती. डोक्याला मार लागला, सरकारी दवाखान्यात नेलं, तिथंच वारले. मला हे टँकरवाल्याकडून कळलं. तिच्या घरी जायला मी धजले नाही. एक महिना लवकर टँकर आला असता तर, हा हिशेब मी अजूनही करते आणि तो दर वेळी माझ्याच दारात येऊन थांबतो.

श्रावणात ती आली. निराधार बायांना सरकार महिन्याला जे पैसे देतं, त्या 'पगाराचा' अर्ज करायचा होता. तसले शेकडो अर्ज माझ्याकडं होते. मी एकही उघडला नाही. कोरं पान घेतलं. बाहेर चारजण खोळंबले होते, त्यांना म्हटलं, वेळ लागेल.

"सांगा," मी म्हणाले. "तुम्ही सांगाल तसंच लिहिते."

तिनं स्टूल पडद्याजवळ ओढलं. मग म्हणाली, "लिवा. आता म्या पान्याला कवाबी जाऊ शकते."

पगाराच्या अर्जात त्या वाक्याचं काही काम नव्हतं. मी ते जसंच्या तसं टाईप केलं. ती ओळ पुढं मी कुणाच्याही अर्जात जाऊ दिली नाही.