तालीम, रोज पाच वाजता

या लखनौ शहरात नाटक नाही अशी एकही गोष्ट उरू द्यायची नाही, असा माझ्या बायकोच्या मामांनी विडाच उचलला आहे! वृंदावन योजनेतल्या त्यांच्या घराची बेल तीनदा वाजवावी लागते, कारण तिसऱ्या घंटेशिवाय पडदा वर जात नसतो. वीज गेली की शेजारीपाजारी वैतागतात, मामा “ब्लॅकआउट! सेट बदला!” असं ओरडून अंधारात खुर्च्या हलवतात आणि दिवे आल्यावर पाहुणे भिंतीकडे तोंड करून बसलेले सापडतात. स्वगताचं तर विचारूच नका. स्वगत प्रेक्षकांना ऐकू येतं, समोरच्या पात्राला नाही, यावर त्यांची भारी श्रद्धा. एकदा व्याह्यांच्या देखत छताकडे बघून ते खणखणीत आवाजात म्हणाले, “हा मनुष्य जेवूनच जाणार असं दिसतंय!” व्याही ताडकन उठले, तर मामाच थक्क. “अहो, तुम्हाला कसं ऐकू आलं?”

यंदा मात्र त्यांचा जीव टांगणीला लागला होता. गणपतीत ते दरवर्षी मुलांचं मराठी नाटक बसवतात, आणि यंदा पात्रंच मिळेनात. जुनी कुटुंबं बदल्या होऊन गेली. उरलेल्यांची मुलं “टाइम नहीं है, मामाजी” म्हणून सटकतात. सख्खी नातसुद्धा हिंदीतच उत्तर देते. शेवटी मामांनी फाटकावर पाटी लावली: ‘मुलांसाठी तालीम, रोज पाच वाजता. तीन अंक, फक्त सात प्रवेश.’ उत्साहाच्या भरात ‘नाटक’ हा शब्दच राहिला. आता आपल्याकडे तालीम म्हणजे नाटकाचा सराव, अंक म्हणजे त्याचे मोठे भाग आणि प्रवेश म्हणजे अंकातले छोटे. लखनौत तालीम म्हणजे शिक्षण, अंक म्हणजे मार्क आणि प्रवेश म्हणजे ॲडमिशन! त्यातून सातच जागा! पाचाच्या आधीच गणिताची पुस्तकं घेतलेली पोरं आणि त्यांच्या आया फाटकाशी हजर.

“अंकल, मैथ्स भी कराएँगे न?”

“मैथ्स नहीं, नाटक! ड्रामा!” मामा आनंदाने नाचायचेच बाकी होते. आया हिरमुसल्या आणि पोरांना ओढत निघाल्या. मला मामांकडे बघवेना.

एक मुलगी मात्र जागची हलेना. “मम्मी, करने दो न.” मामांनी घाईघाईने नाटकाचे कागद तिच्या हाती दिले आणि स्वतः बापाचं वाक्य टाकलं, “अंधार का गं केलास?” लिपी तर एकच. तिने कागदात बघून ठणकावलं, “बाबा, दिव्याची वेल झाली, लावते!”

एका ‘ळ’साठी मला तालमीतून हाकलणाऱ्या मामांनी ही ‘वेल’ मात्र खुशाल चालवून घेतली. मुलीची आई पायरीवर टेकली, तशा निघालेल्या दोघीतिघी परत फिरल्या. मामांनी चष्मा पुसला.

“जावईबापू,” ते म्हणाले, “किती दिवसांनी या घरात कुणा पोरानं मला मराठीत उत्तर दिलं.”